चवथीतलं तिकीट

विनोदिनी कधी काही विचारत नाही. सांगते. आणि सांगते तेही सगळं झाल्यावर. माझी थोरली सून ही, लग्न होऊन पार्से गावच्या या घरात आली तेव्हापासूनची तिची खोड. गाय विकली ती गाय वाटेला लागल्यावर सांगितलं. हरमलला समुद्राकडे परदेशी पाहुण्यांच्या खोल्या झाडायचं काम धरलं, ते पहिला पगार आणून देवासमोर ठेवला तेव्हा सांगितलं.

त्या दिवशी ती मागल्या दारी विळीवर बांगडे कापत होती आणि मी बाजूला बसून केरसुणीसाठी झावळ्यांचे हीर काढत होते. बांगड्याचं पोट फाडता फाडता ती म्हणाली, "आये, फुडल्या सप्टेंबरात मी व्हिएतनामाक जातंय."

"खंय?"

"व्हिएतनामाक. विमानान."

"कोणाबरोबर?"

"एकटीच."

मी हीर काढत राहिले. असल्या बोलण्याला लगेच उत्तर दिलं की बोलणाऱ्याला बळ येतं.

"कोणाक विचारलंस?"

"तिकीट काढलंय."

"आणि चवथ?"

"चवथ जाऊन मगे. मी हिशेब केलंय, आये. चवथ दर वर्साक धा-अकरा दिवस आधी येता. औंदा ऑगस्टाच्या शेवटाक झाली. फुडल्या वर्सा ऑगस्टाच्या मधीच होतली. माझा विमान सप्टेंबरात."

"फुडल्या वर्सा धोंडो आसा," मी म्हटलं.

तिचा हात थांबला.

धोंड्याचा महिना, म्हणजे अधिक महिना, तिसऱ्या वर्षी येतो आणि पुढचे सगळे सण ढकलून लांब नेतो. हे सांगायला भटजी लागत नाही, घरातली म्हातारी पुरते. पण तिला विचारावं लागतं. विनोदिनीनं फोनवर दर बघितले, तिथी बघितली नाही, आणि तिकीट नेमकं चवथीत पडलं. तो एकच आठवडा इतका स्वस्त कसा, असंही तिच्या मनात आलं नाही. माझ्या लगेच आलं. चवथीला, म्हणजे गणपतीला, गोव्यातला माणूस बोटीवरून, दुबईहून, कुठूनही धडपडत घरी येतो. घर सोडून जाणारा कोण असणार? ती विमानं रिकामीच उडायची.

"तिकीट फाटी दी."

"पैशे येणत नाय. स्वस्तातला आसा म्हणान."

"मग फुडे ढकल."

"ऑक्टोबरात खोल्यो उघडतत. माका मगे रजा कोण दितलो?"

तेही खरं होतं. पावसात हरमलचे पाहुणे जातात, खोल्या बंद होतात, बायकांना घरी पाठवतात. ऑक्टोबरात परत बोलावतात. जी वेळेवर आली नाही तिची झाडू दुसरीच्या हातात. विनोदिनीला वर्षात सुट्टी अशी तेवढीच.

ती पुन्हा बांगडे कापायला लागली. त्या दिवशीच्या आमटीत तिरफळं घालायची राहिली. आमच्या घरात असं होत नाही.

*

व्हिएतनामच का, असं मी तिला पुढे एकदा विचारलं. म्हणाली, "थंयसर भातशेती बरी आसा म्हणतत. डोंगरार पायऱ्या करून."

"शेती बघूक विमान कित्याक होया? दार उघड, समोर शेतीच आसा."

"हयची लावची पडता, आये. थंयची नुसती बघूची."



मग तिनंच आणखी सांगितलं. तिच्या खोल्यांवर एक साठीची बाई दर वर्षी एकटी यायची. एक पिशवी, दोन झगे. रोज रात्री एक धुवायचा, दुसरा घालायचा. त्या बाईनं तिला एकदा विचारलं, तू कुठे कुठे जाऊन आलीस? विनोदिनीनं सांगितलं, सावंतवाडीला. बाई हसली नाही. ती नीट ऐकून घेऊन म्हणाली, सावंतवाडी कसं आहे?

"ती माझा घर बघून गेली, आये. पोदेर पाव घेऊन येता ता बघून गेली, तुळस बघून गेली, तुमका बघून गेली. मी कोणाचा काय बघूक नाय."

"माका कधी बघलान?"

"तुमी जनेलाकडे बसून कोणाक तरी गाळी घालीत होतास."

"मग बरा बघलान," मी म्हटलं.

*

तिकीट आधी आणि पासपोर्ट मागून, असा तिचा कारभार. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला. कोवळा होता, मिशी नुकती फुटलेली. पडवीत बसून चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली आणि मग साहेबासारखा विचारायला लागला.

"सून एकटीच भायर जाता? कित्याक?"

"तुझी आवय कधी एकटी खंय गेली?"

"म्हापशाक जाता. शुक्रवारच्या बाजाराक."

"तिका विचारतंस, कित्याक जाता म्हणान?"

तो कागदाकडे बघत राहिला. "तसा नाय, माई. घरात कोणाची हरकत आसा काय, ता लिवचा पडता."

हरकत होती. माझीच होती. पण घरातली हरकत घरात बोलायची, पोलिसाच्या कागदावर ती कशाला जाते? "लिही, कोणाची नाय," मी म्हटलं, आणि कप उचलून आत नेला.

विनोदिनी दाराआड उभी होती. माझ्या हातातला कप तिनं घेतला. 

*

तयारी तिनं काजूच्या काट्यावर केली. काजूच्या दिवसांत बिया तोलायला आमच्या मांगरात, सामानाच्या खोपीत, लोखंडी काटा टांगलेला असतो. पिशवी सात किलोवर गेली तर विमानवाले जास्तीचे पैसे मागतात, म्हणून ती संध्याकाळी पिशवी त्या काट्याला लावायची आणि काहीतरी बाहेर काढायची. आधी साडी निघाली. मग चादर, मग दुसरी चप्पल. शेवटी टॉवेल जाऊन पंचा आला. मी सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, खोबरं घालून किसमूर करून देते म्हटलं, तर म्हणाली तिथे उतरल्यावर काढून घेतात. सुंगटांना भिणारी माणसं विमानं काय चालवणार, कोण जाणे.

तिचे नियम मला पाठ झाले. रात्रीच्या वेळी नव्या गावात उतरायचं नाही. फोन बघायचा तर रस्त्यात नाही, दुकानात शिरून. पासपोर्टची नक्कल आतल्या चोरखिशात. झोपायला खोली बायकांचीच, एकावर एक खाटा, आठ जणींत एक न्हाणी.

"म्हणजे हॉस्पिटल," मी म्हटलं.

"हॉस्पिटलात निदान पडदो आसता."

"आणि कोणी विचारल्यान, एकटी कित्याक, तर?"

"सांगाचा, घोव खोलयेत निजलो आसा."

महादेव माझा थोरला, तिचा नवरा. डिचोलीच्या खाणीवर खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या तेव्हा घरी बसला, आणि बसल्या बसल्या दारूनं गेला. तेव्हा विनोदिनी चाळिशीलाही पोचली नव्हती. पोरबाळ नाही.

"जितो आसताना कधी तुझ्या उपेगाक पडाक नाय," मी म्हटलं. "आता तरी पडता."

ती हसली. मांगरात अंधार होता, पण हसली हे कळलं.

शेजारचा धाकू रिक्षा चालवतो. त्याला कोणाचं तरी बिनसलेलं बरं वाटतं. तो एकदा कुंपणावरून म्हणाला, "माई, हळर्णचे भिकाजीकाका कशे आसत? ह्या पावसात टिकतले? सुतक पडला तर चवथच नाय. तुमची सून सुटली."

भिकाजी माझा चुलत दीर, दोन वर्षं अंथरुणावर. घराण्यात कोणी गेलं की सुतक, आणि सुतकात गणपती आणत नाहीत. हिशेब बरोबर होता त्याचा.

"तू मर आधी," मी म्हटलं. "पण तू आमच्या सुतकातलो न्हय. फुकट जातलंस."

भिकाजी काही मेला नाही. उलट उठून पेज मागायला लागला.

*

धोंड्याच्या महिन्यात, आंबे उतरत होते तेव्हा, माझा धाकटा गुरुदास बायकोला घेऊन आला. तो डिचोलीला बँकेत असतो. त्याची बायको शालिनी, तब्येतीनं नाजूक, चवथीच्या आदल्या संध्याकाळी येते, पाचव्या दिवशी विसर्जन झालं की जाते. मधल्या काळात ती फोटो काढते.

मूळ घर पार्शाचं, म्हणून गणपती इथे. हळर्णची माणसं इथे, डिचोलीची इथे. पानं उठत असतात दिवसभर. माटोळीचं सामान, रानफळं आणि पानं, डोंगरातून आणायचं, ती गणपतीवर बांधायची, हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या, नेवऱ्या म्हणजे करंज्या, भाज्यांचं खतखतं, पाहुण्यांची अंथरुणं. गावात म्हणतात, चवथ करावी तर देवकीनं. नाव माझं, हात विनोदिनीचे. सुनेचा हात म्हणजे घराचाच हात, त्यात वेगळं काय सांगायचं?

गुरुदास आंबा चोखत म्हणाला, "वयनी, ता तिकीट रद्द करून टाक. मी फुडे दुसरा काढून दितंय."

"नको, भावजी."

"अगे, चवथ कोण करतला?"

"तुमी आसास. शालिनी आसा."

"माझी कंबर," शालिनी म्हणाली.

"लोक काय म्हणतले? घरच्या गणपतीक सोडून सून परदेशाक गेली."

विनोदिनी आंब्याच्या साली गोळा करत होती. तिनं साली टोपलीत टाकल्या, हात पदराला पुसला आणि म्हणाली, "भावजी, गणपतीची आरती जाता तेव्हा मी खंय आसतंय?"

गुरुदासला आठवेना. तो शालिनीकडे बघायला लागला.

"कढईकडे," विनोदिनी म्हणाली. "गौरीच्या ओवशाक सुपा शालिनी धरता. मी सुपात घालूची फळा धुतंय. ओटी भरूची आसली की माका आतल्या खोलयेतसून नारळ हाडूक सांगतत, आणि मी हाडीपर्यंत भरून झालली आसता. एवढी वर्सा झाली. मी नसल्यार गणपतीक काय कळाचा नाय. तुमका कळतला, जेवताना."

ती घागर घेऊन विहिरीवर गेली.

नवरा गेलेल्या बाईनं ओवशाला, गौरीपुढे सुपं ओवाळायला, पुढे यायचं नसतं. ही रीत आहे, मी केलेली नाही. माझाही नवरा गेलेला आहे. पण मी घराची मालकीण, माझं वय झालं होतं, मला कोणी आतून नारळ आणायला सांगितलं नाही.

"बघलंस, किती बोलूक लागली ती?" गुरुदास म्हणाला. "सातेरीक कौल लावया. देवी काय सांगता ता बघया."

"देवीक दुसरी कामा नाय?"

तो उठला. मला वाटलं हात धुवायला गेला. गेला तो विनोदिनीच्या खोलीत, आणि तिच्या पेटीतून पासपोर्ट घेऊन आला. माझ्या मांडीवर ठेवला. "आये, ह्यो तुझ्या ट्रंकेत घाल आणि चावी कमरेक बांध. चवथ झाली की दी. भांडण नाय, तंटो नाय."

शालिनी जनेलातून बाहेर बघायला लागली.

मी ते पुस्तक उघडलं. अक्षरं मला जेमतेम लागतात, पण फोटो कळतो. केस मागे ओढलेले, दोन्ही कान उघडे, कपाळ मोकळं. चोर पकडून आणल्यासारखी दिसत होती. खाली महादेवाचं नाव होतं. पाठीमागची पानं सगळी कोरी.

विनोदिनी घागर घेऊन आत आली. तिनं माझ्या हातात पासपोर्ट बघितला. गुरुदासकडे बघितलं. घागर कमरेवर तशीच, काठावरून पाणी तिच्या पायावर सांडत होतं. मागितला असता तर मी काहीतरी तोडून बोलले असते. रडली असती तर त्याहून जास्त बोलले असते. ती नुसती उभी राहिली.

मी चावी कमरेला बांधली असती तर ती राहिली असती. चवथ केली असती, नेहमीसारखीच चांगली. पातोळ्या फुटल्या नसत्या. आणि त्यानंतर ती या घरात माझ्याशी कधी बोलली नसती, जेवण मात्र वेळेवर वाढलं असतं. हे मला तिथे बसल्या बसल्या स्वच्छ दिसलं. कसं ते सांगता येणार नाही. एका स्वयंपाकघरात दोघींनी इतकी वर्षं काढली की पुढचं दिसतं.

"गुरुदास," मी म्हटलं, "ह्यो खंयसून हाडलंस?"

"वयनीच्या पेटयेतसून."

"थंय नेऊन ठेव."

"आये—"

"बायलमनशाच्या पेटयेत हात घालूक मी तुका शिकवूक नाय."

त्यानं नेऊन ठेवला. पण जाताना चप्पल घालत म्हणाला, "तुझी चवथ तू बघ तर. मी दीड दिवसाचो पावणो म्हणान येतलंय."

"येताना खवणी घेऊन ये," मी म्हटलं. "नारळ खवूक."

*

श्रावणात विनोदिनी शालिनीला फोन करून नेवऱ्यांचं सारण सांगायची. शालिनी म्हणायची, लिहून पाठव. विनोदिनी म्हणायची, लिहिण्यासारखं काही नाही, हाताला कळतं. शालिनीच्या हाताला काही कळणार नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. मी गणपतीचा पाट मूर्तिकाराकडे पोचता केला. डब्यांत पीठ भरून ठेवलं. माटोळीचं सामान आणायला धाकूला सांगितलं.

मोप्याचं विमानतळ झाल्यापासून विमानं आमच्या माडांवरून जातात. आधी मी वर बघत नव्हते.

ती निघाली त्या दिवशी चवथ तीन-चार दिवसांवर आलेली. बाजारात रस्त्यावर दोन्ही बाजूंनी काकड्या, केळीचे घड, हळदीची पानं. मुंबईच्या गाड्या भरभरून येत होत्या. त्या सगळ्यांच्या उलट्या दिशेला जायला धाकूची रिक्षा दारात उभी होती. गुरुदास आला नव्हता. फोनही नव्हता.

लांबच्या वाटेला निघणाऱ्यासाठी आमच्याकडे देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. घरातला कर्ता पुरुष हात जोडून मोठ्यानं देवाला सांगतो, कोण जातंय, कुठे जातंय, सांभाळ म्हणून, आणि बाकीचे होय म्हाराजा म्हणतात. महादेव खाणीवर पहिल्यांदा गेला तेव्हा त्याच्या बापानं घातलं होतं. गुरुदासला नोकरी लागली तेव्हाही.

विनोदिनी पिशवी पाठीला लावून तुळशीपाशी उभी होती. पंजाबी ड्रेस, पायात बूट. बूट त्या साठीच्या बाईनं दिलेले, जरा मोठे. ती नमस्कार करून निघणारच होती.

"थांब," मी म्हटलं. आतून नारळ आणला आणि तुळशीसमोर ठेवला.

धाकू रिक्षातून उतरला. "माई, बायलमनशान गाऱ्हाणा घालूचा?"

"मग तू घाल."

"माका येणा नाय."

"मग होय म्हाराजा म्हण. ता येता मा?"

मी हात जोडले. शब्द मला येत होते. आयुष्यभर दाराआडून ऐकलेले. 

"बा देवा म्हाराजा. ह्या घराची थोरली सून, महादेवाची बायल विनोदिनी, आज परमुलखाक जाता."

"होय म्हाराजा," धाकू म्हणाला.

"कोणाच्या कामाक जाणा नाय, कोणाच्या लग्नाक जाणा नाय. बघूक जाता. एकटी जाता. खंय वाट चुकली तर वाटेर हाड. खंय वायट मनीस आडवो इलो तर तेका आंधळो कर."

"होय म्हाराजा."

"तिका जा बघूचा आसा ता बघू दी. आणि जशी नेतंस तशी हातीपायी धड घराक हाड. चवथीत ती हय नाय म्हणान तिच्यार राग धरू नको. धरूचो आसलो तर माझ्यार धर. मी हयच आसंय."

"होय म्हाराजा," धाकू म्हणाला. या वेळी हळू.

विनोदिनीनं वाकून माझ्या पायांना हात लावला. पिशवी पाठीवरून डोक्यापर्यंत सरकली, ती तिनं मागे ढकलली. रिक्षात एक पाय ठेवून ती म्हणाली, "आये, तांदूळ राती भिजत घालूक शालिनीक सांगा. आणि हळदीची पाना कवळीच काढूची. जून काढल्यार पातोळी—"

"विनोदिनी," मी म्हटलं, "औंदाची चवथ वायट जातली. पातोळ्यो फुटतल्यो, नेवऱ्यो तेल पितल्यो, आणि येतलो तो नावा ठेवतलो. जाऊंदे वायट. तू जा."